आसाच्या टोकावरील नट

मोटारीच्या चाकाच्या मध्यभागी बसविलेले लहानसे टोपण काढले की आत वंगणाने माखलेला एकच एक नट दिसतो. चाक ज्या चार-पाच नटांनी किंवा बोल्टांनी तुंब्याला जखडलेले असते ते बाहेरून सर्वांना दिसतात. पंक्चर झाल्यावर ते काढावे-लावावे लागतात, आणि त्यामुळे मोटार बाळगणाऱ्या बहुतेकांशी त्यांची ओळख असते. आसाच्या टोकावरील नटाच्या वाट्याला असा परिचय येत नाही. बेअरिंग बदलण्याची वेळ येईपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि ती वेळ आली म्हणजे सारे लक्ष बेअरिंगकडे लागलेले असते. जुने बेअरिंग उपसून काढले, नवे बसविले, आणि मग जो नट हाताशी आला तो फिरवून घट्ट केला, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. उत्तम प्रतीचे नवे बेअरिंग अल्पकाळात निकामी होते ते बहुधा अशाच कारणाने. आणि क्वचित प्रसंगी धावत्या गाडीचे चाक सुटून जाते तेही याच कारणाने.

आरंभी दोन शब्दांविषयी थोडे सांगितले पाहिजे. बेअरिंगसाठी मराठी परिभाषेत ‘धारवा’ असा शब्द आहे आणि तो अर्थवाही आहे, कारण फिरणाऱ्या भागाचा भार धारण करणे हेच बेअरिंगचे काम. परंतु दुकानात जाऊन धारवा मागणाऱ्या वाचकाला रिकाम्या हातांनी परत यावे लागेल; यास्तव येथे बेअरिंग हाच शब्द ठेवला आहे. याच्या उलट ‘तुंबा’ हा शब्द बैलगाडीच्या चाकावरून मुद्दाम उचलला आहे. बैलगाडीच्या चाकातील आरे ज्या मधल्या लाकडी गड्ड्यात रोवलेले असतात तो तुंबा. मोटारीच्या चाकातही ज्या भागावर चाक बसते त्याला हा शब्द सहज लागू पडतो. बैलगाडीचे चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला एक लोखंडी खीळ घातलेली असते. त्या खिळीचे काम एकच, चाकाला बाहेर न जाऊ देणे. मोटारीच्या नटाकडे हे काम आहेच. परंतु त्याखेरीज दुसरेही एक काम त्याच्याकडे असते, आणि ते सर्व मोटारींत एकसारखे नसते. सारा घोटाळा येथून सुरू होतो.

पहिला प्रकार निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचा. हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनविणाऱ्या अमेरिकन कारागिराने १८९८ साली या बेअरिंगचे पेटंट मिळविले. यातील रूळ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतात, आणि ज्या दोन कड्यांमध्ये ते फिरतात ती कडीही तशीच निमुळती असतात. या रचनेमुळे चाकावर वरून येणारा भार आणि वळणावर बाजूने येणारा रेटा असे दोन्ही भार हे बेअरिंग पेलू शकते. तुंब्यात अशी दोन बेअरिंगे एकमेकांकडे तोंड करून बसवितात. आता पाहा, निमुळते आतले कडे नटाने आत रेटले की रुळांसाठी उरलेली जागा कमी होते. नट सैल केला की वाढते. म्हणजे या रचनेत नट हा केवळ बांधणारा नव्हे, तो मोजमाप ठरविणारा आहे. तो अधिक आवळला तर रूळ चिरडले जातात, तुंबा तापतो, वंगण पातळ होऊन वाहून जाते आणि शेवटी आतले कडे आसाला चिकटून बसते. तो फार सैल राहिला तर चाक डगडगते, भार काही थोड्या रुळांवरच पडतो आणि त्यांच्या पृष्ठावर खड्डे पडू लागतात.

दुसऱ्या प्रकारात बेअरिंगच्या आतील मोकळीक कारखान्यातच ठरवून दिलेली असते. गोळ्यांच्या दोन ओळी असलेले हे बंदिस्त बेअरिंग पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत सर्रास आढळते. त्याचे आतले कडे बहुधा दोन तुकड्यांचे असते आणि हे दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरले गेले तरच ठरविलेली मोकळीक, किंबहुना ठरविलेला पूर्वभार, प्रत्यक्षात येतो. हे दाबून धरण्याचे काम नटाचे. येथे ‘बेताने’ कसण्याला काही अर्थ नाही. नट जितका सांगितला आहे तितका पूर्ण कसला पाहिजे. तो कमी कसला तर दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकू लागतात, आणि बेअरिंग दोषी नसताना घुमू लागते.

हे दोन प्रकार एकाच गाडीत शेजारी शेजारी पाहावयाचे असतील तर फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल गाडीइतके चांगले उदाहरण नाही. २ कोटी १५ लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली ही गाडी २००३ साली मेक्सिकोतील प्वेब्ला येथे शेवटची बाहेर पडली, आणि तिची दुरुस्ती हाताने करणारे लोक जगभर असल्यामुळे तिच्या नटांविषयीचे ज्ञानही सर्वत्र पसरले. तिच्या पुढील चाकांत, १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून, निमुळत्या रुळांची बेअरिंगे आहेत. तेथे आसाच्या दिशेने ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर इतकीच मोकळीक ठेवावयाची असते. मागील चाकांची गोष्ट अगदी निराळी. तेथे ब्रेकचा ड्रम दातेरी खाचांनी आसावर बसतो आणि ड्रम, मधले कडे व बेअरिंगचे आतले कडे ही सारी रांग एका ३६ मिलिमीटर पान्याच्या नटाने एकत्र दाबून धरलेली असते. या नटासाठी सांगितलेले परिबल ३० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे २१७ फूट-पौंड किंवा सुमारे २९४ न्यूटन-मीटर आहे. पंचाहत्तर किलो वजनाचा माणूस नटापासून ४० सेंटिमीटर अंतरावर पान्याच्या दांड्यावर पूर्ण भार टाकून उभा राहिला तर इतके परिबल निर्माण होते.

एवढे परिबल कशासाठी, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. नट कसताना आपण प्रत्यक्षात आसाचे टोक ताणत असतो, आणि तो ताण म्हणजेच दाब. परंतु हाताने लावलेल्या जोरापैकी फार थोडा भाग ताणाच्या कामी येतो. ढोबळ हिशेब असा की निम्मा जोर नटाच्या बुडाखालील घर्षणात जातो, आणखी चाळीस टक्के आट्यांमधील घर्षणात, आणि उरलेला जेमतेम दहावा हिस्सा ताण उत्पन्न करतो. तरीही २४ मिलिमीटर व्यासाच्या कोरड्या आट्यांवर २९४ न्यूटन-मीटर लावले तर दाबाचे बळ सुमारे सहा टन वजनाइतके होते. यावरून आणखी एक गोष्ट निघते. आट्यांना तेल लावले की घर्षण घटते आणि त्याच परिबलाने दाब तिसऱ्या हिश्श्याने वाढू शकतो. म्हणून पुस्तिकेत कोरडे आटे सांगितले असतील तर कोरडेच ठेवावेत, तेल सांगितले असेल तर तेल लावावे. स्वतःच्या समजुतीने ‘थोडे तेल बरे’ असे म्हणू नये.

आता या दोन नटांना अडवून धरण्याच्या रीती पाहू. मागील नट कॅसल नट असतो. गडाच्या तटावरील चर्यांप्रमाणे त्याच्या माथ्यावर खाचा असतात. आसाच्या टोकाला आरपार भोक असते. खाच आणि भोक समोरासमोर आले की त्यातून कॉटर पिन घालून तिची टोके वाकवितात. सांगितलेले परिबल पूर्ण झाले पण खाच भोकासमोर आली नाही, असे झाले तर काय करावे? मागील चाकाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. नट पुढेच न्यावा, मागे कधीही आणू नये. मागे आणला तर दाब गेला, आणि दाब गेला की ड्रमचे दात आसावर कुटू लागतात. असे महिनोन्‌महिने कुटून ड्रमचे दात साफ झिजून गेलेले आढळतात. इंजिन चालते, आस फिरतो आणि गाडी जागची हलत नाही. पुढील चाकाच्या बाबतीत नियम बरोबर उलटा. तेथे चाक हाताने फिरवीत नट कसून रूळ जागेवर बसवावयाचे, आणि मग नट मागे घेऊन मोकळीक द्यावयाची. ज्या मेस्त्रीचा हात एका रीतीला सरावला आहे तो दुसऱ्या ठिकाणी हमखास फसतो, आणि दोन्ही ठिकाणी एकाच प्रकारचा नट दिसला तर अधिकच.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर धरले तर नट एक फेरा फिरला म्हणजे तो १.५ मिलिमीटर पुढे जातो. सहा खाचांच्या कॅसल नटात एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचे अंतर म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, अर्थात पाव मिलिमीटर. आपल्याला मिळालेली मर्यादा मात्र ०.०३ ते ०.१२, म्हणजे केवळ नऊ शतांश मिलिमीटरची. नट सुमारे बावीस अंश फिरला की ती सगळी संपते, आणि खाच तर साठ अंशांवर. साध्या कॅसल नटाने ही मोकळीक साधणे निव्वळ नशिबावर अवलंबून राहील. आसाला काटकोनात दोन भोके पाडली तर पायरी निम्म्यावर येते, तरीही ती मर्यादेपेक्षा मोठीच. या अडचणीवर निरनिराळ्या कारखानदारांनी निरनिराळे उपाय काढले. काहींनी साध्या षट्‌कोनी नटावर पत्र्याची खाचांची टोपी बसविली. ही टोपी उचलून दुसऱ्या कोनात ठेवता येते, त्यामुळे नट न हलविता खाच जुळविता येते. जुन्या बीटलमध्ये दोन नट एकावर एक आणि त्यांच्यामध्ये वाकवून बसविण्याची पत्र्याची चकती अशी रचना होती. पुढे त्याच गाडीत चिमटा नट आला. हा नट एका बाजूने चिरलेला असतो आणि चिरेतून एक लहान स्क्रू आरपार जातो. मोकळीक साधली की स्क्रू आवळावयाचा, आणि नट आसाला तेथल्या तेथे घट्ट धरतो. त्याला पायऱ्या नाहीत. मला हा उपाय सर्वांत सरळ वाटतो, जरी तो लहानसा स्क्रू आवळण्यास विसरण्याची सोय त्याने करून ठेवली आहे.

याच गाडीच्या पुढील डाव्या चाकाच्या नटाला उलटे आटे आहेत, आणि तेही कारणाशिवाय नव्हेत. गाडी पुढे जात असताना डावे चाक, बाहेरून पाहणाऱ्याला, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसते. तुंब्याचा व बेअरिंगचा ओढा नटापर्यंत पोहोचला तर सरळ आट्यांचा नट त्या दिशेने सुटू लागेल. उलट्या आट्यांचा नट सुटणार नाही. हा ओढा नटापर्यंत पोहोचूच नये म्हणून बेअरिंग आणि नट यांच्यामध्ये एक जाड वॉशर घालतात. या वॉशरच्या आतल्या कडेला एक जीभ असते आणि ती आसावरील खाचेत अडकते. त्यामुळे बेअरिंगचे आतले कडे थोडे सरकले तरी वॉशर फिरत नाही. दिसावयास क्षुद्र असा हा भाग दुरुस्तीच्या वेळी जमिनीवर पडतो, जीभ झिजलेली असली तरी तसाच परत बसतो, किंवा त्याच्या जागी साधी चकती घातली जाते. वास्तविक नवे बेअरिंग आणताना त्याचीही खरेदी झाली पाहिजे.

भारतात मोठ्या संख्येने तयार झालेली, पुढील चाकांनी ओढली जाणारी पहिली मोटार म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८००. तिच्यामागून अशा गाड्यांचे राज्य सुरू झाले आणि घट्ट कसावयाच्या नटाचा प्रकार खेड्यापाड्यांतील गॅरेजांपर्यंत पोहोचला. आजच्या गाड्यांत कॅसल नटाची जागा पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या दोन प्रकारांनी घेतली आहे. एकात नटाच्या माथ्यावर पातळ गळा असतो. नट कसून झाल्यावर तो गळा आसावरील खोबणीत ठोकून दाबतात. दुसऱ्यात नटाच्या आत नायलॉनचे कडे असते, किंवा काही आटे मुद्दाम किंचित चपटे केलेले असतात, त्यामुळे नट फिरविताना शेवटपर्यंत अडखळतो आणि आपणहून सुटत नाही. हे दोन्ही नट एकदा वापरावयाचे आहेत. ठोकलेला गळा उचकटून पुन्हा त्याच जागी ठोकला तर तो चिरतो, आणि दुसऱ्या जागी ठोकावा तर तेवढी अखंड धातू उरलेली नसते. नायलॉनचे कडे एकदा कापले गेले की त्याची पकड पहिल्यासारखी राहत नाही. गळा ठोकण्यासाठी धारदार छिन्नी वापरू नये, बोथट गोल टोकाचे हत्यार घ्यावे. धारेने गळा दबत नाही, तुटतो.

बाजारात नट घ्यावयास जाणाऱ्याने काय पाहावे? दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचा मलिक बझार, चेन्नईचे पुदुपेट येथे सुट्या भागांची दुकाने गल्लीगल्लीत आहेत आणि आसाला ‘बसणारा’ नट कोठेही मिळेल. बसणे हा शब्दच फसवा आहे. २४ मिलिमीटर व्यासाचे नट १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे असतात आणि २ मिलिमीटरच्याही. चुकीचा नट एक-दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि लांब दांड्याच्या पान्याने रेटला तर आसाचे आटे कापीत पुढे जातो. नट दोनशे रुपयांचा असेल, आस तसा नसतो. म्हणून आटे मोजण्याची दातेरी पट्टी प्रथम जुन्या नटावर नव्हे तर आसावर लावावी, कारण जुना नट मूळचाच असेल याची खात्री नाही. नंतर नटावरील प्रतीचा अंक पाहावा. ८ आणि १० हे अंक त्या नटाचे बळ दर्शवितात. १० च्या जागी ८ अंकाचा, किंवा अंकच नसलेला नट लावला तर पूर्ण परिबलापूर्वीच त्याचे आटे सोलून निघू शकतात.

उंचीकडे सहसा दुर्लक्ष होते. नट मूळच्यापेक्षा बुटका असेल तर पकडलेले आटे कमी पडतात, आणि कॅसल नट असेल तर त्याच्या खाचा भोकाच्या आतच राहून कॉटर पिन नटाला न अडविता त्याच्यावरून जाते. ही चूक झाकण्यासाठी खाली एक जास्तीचा वॉशर घालतात. ते करू नये. नटाचे बूड कसे आहे हेही तितकेच महत्त्वाचे. काही नटांचे बूड सपाट व रुंद, काहींचे निमुळते, तर काहींना स्वतंत्रपणे फिरणारी चकती जोडलेली असते. निमुळते बूड सपाट जागेवर टेकविले तर ते केवळ एका रेघेवर टेकते, आणि लावलेल्या परिबलातून किती दाब निर्माण झाला याचा अंदाज उरत नाही. बेअरिंगच्या खोक्यात नट दिलेला असेल तर तो तसाच वापरावा. कारखान्याने तो दिला आहे तो उदारपणाने नव्हे.

कॉटर पिनविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पिन घातली म्हणजे नट घट्ट राहील, असे मानले जाते. पिन नटाला आसावरून पडू देत नाही, एवढेच तिचे काम. त्याचा ताण ती राखीत नाही. ताण कसण्याने येतो आणि योग्य बुडामुळे टिकतो. सैल नटाला घातलेली पिन दर फेऱ्याला थोडी थोडी कुरतडली जाते. तथापि पिनेवाचून चालते असाही अर्थ कोणी काढू नये. बीटलच्या मागील चाकाचा नट निघून गेला तर चाकाबरोबर ड्रमही निघतो, ब्रेकच्या पट्ट्यांना अडविणारे काही उरत नाही, आणि चालकाने त्या क्षणी ब्रेक दाबला तर सिलिंडरमधील पिस्टन बाहेर येऊन तेल सांडते. ज्या जुन्या गाड्यांत चारी चाकांना एकच तेलमार्ग आहे त्यांत यानंतर हातब्रेकच काय तो उरतो, आणि तोही एकाच मागील चाकावर. ही आपत्ती टाळणारी वस्तू चार-दोन रुपयांची आहे. तरीही रस्त्याकडेच्या दुकानांत तिच्या जागी तारेचा तुकडा किंवा खिळा घातलेला दिसतो. पिन दर वेळी नवी असावी, आणि भोक भरून काढील इतकी जाड असावी. बारीक पिन भोकात खुळखुळत राहून तुटते.

बंदिस्त बेअरिंगच्या गाडीत आणखी एक पथ्य आहे. नट सैल असताना किंवा काढलेला असताना चाकावर गाडीचा भार येऊ देऊ नये, आणि गाडी ढकलून बाजूला घेण्याचा मोह तर मुळीच करू नये. दोन तुकड्यांचे आतले कडे त्या वेळी दाबून धरलेले नसते. भार येताच गोळ्या कड्याच्या काठावर आपटतात आणि तेथे बारीक ठसे उमटतात. असे बेअरिंग गाडी सुरू झाल्याबरोबर काही सांगत नाही, काही शे किलोमीटरनंतर घुमू लागते. मग दोष बेअरिंग विकणाऱ्यावर येतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या धडकपान्याने नट काढण्यास हरकत नाही, पण बसविताना त्याचा उपयोग करू नये. त्याने किती परिबल लागले ते कळत नाही आणि धडका बेअरिंगपर्यंत जातात. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून बसण्यास सांगावे आणि टॉर्क रेंचने एका संथ ओढीत नट कसावा. काही गाड्यांत प्रथम ठरावीक परिबल आणि त्यानंतर ठरावीक अंश फिरविणे असे दोन टप्पे सांगितलेले असतात. त्यांत आसाचा बोल्ट मुद्दाम लांबविला जातो, आणि तोही मग पुन्हा वापरता येत नाही.

निमुळत्या रुळांचे चाक जुळवून झाल्यावर आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून आणावी, शक्य तितका कमी ब्रेक वापरून, कारण ब्रेकच्या उष्णतेने परीक्षा फसते. नंतर तुंब्याला हात लावून पाहावा. हात ठेवता येईल इतकी ऊब असावी. डावा तुंबा हात लावू देत नाही आणि उजवा कोमट आहे, असे आढळले तर नट जास्त आवळला गेला आहे. पिन काढावी, नट सैल करावा, चाक फिरवीत मोकळीक पुन्हा मोजावी, आणि बंद करताना दुसरी नवी पिन घालावी.